गैरहजेरीचं कारण

मोबाइलवर ‘स्टेटस’ नावाचा जो प्रकार असतो, तो फक्त आपल्या नात्यागोत्यातल्या माणसांना दिसतो, असा माझा अगदी परवा-परवापर्यंत समज होता. हा समज मला कोणी करून दिला नव्हता. तो मी स्वतःच्या हुशारीवर कमावला होता. मार्चमधल्या एका शुक्रवारी सकाळी मी आमच्या सानिकाच्या वर्गशिक्षिकेला मेसेज पाठवला : ‘सानिकाला रात्रीपासून ताप आहे. आज शाळेत येऊ शकणार नाही. क्षमस्व.’ त्यातला ‘क्षमस्व’ मला विशेष जमल्यासारखा वाटला. मग अकराच्या सुमाराला ऑफिसात चहा घेत होतो, तेव्हा सानिकाच्या मैत्रिणीच्या आईने एक फोटो धाडला. दादर चौपाटीच्या वाळूत शंभरेक शाळकरी पोरं उभी आहेत आणि अगदी पुढच्या रांगेत आमची तापाने फणफणलेली मुलगी. दोन्ही हात डोक्याच्या वर, हातात खोक्याचा पुठ्ठा, पुठ्ठ्यावर तिचं ठसठशीत अक्षर : ‘समुद्रा, थांब जरा. आधी मोठ्यांशी बोलून घेतो.’

माझा ऊर असा काही भरून आला, की अक्कल बाहेर पडली. फोटो स्टेटसवर टाकला, खाली लिहिलं, ‘आमची वाघीण’.

पावणेबाराला वर्गशिक्षिकेचा मेसेज आला : ‘ताप उतरलेला दिसतो. बरं वाटलं.’

संध्याकाळी हे ऐकल्यावर आमच्या वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, कपाळाला हात लावला. ती गिरगावातली. तिथली माणसं अपमानसुद्धा शुद्ध मराठीत करतात. म्हणाली, “अहो, खोटं बोलता येत नाही यात काही नवल नाही. पण बोलून झाल्यावर निदान गप्प तरी बसावं माणसाने!”

सानिका मात्र पुस्तक उघडून बसली. नववीतली मुलगी गप्प बसली की घरातल्या पंख्याचा आवाज ऐकू यायला लागतो. आदल्या दिवशी तिने मला सगळं सांगितलं होतं. हवामानाचं काय चाललंय, समुद्र कसा वर येतोय, वेगवेगळ्या शाळांतली मुलं शुक्रवारी शाळा सोडून चौपाटीवर का जमणार आहेत. मी पेपर वाचत ऐकत होतो. “उद्या विज्ञानाची चाचणी आहे ना गं?” एवढं मी विचारलं. “हो. पर्यावरणाच्याच धड्यावर आहे,” ती म्हणाली आणि हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, “पप्पा, टीचरना खरं कारण कळवाल ना?” मी म्हणालो, “बघू.” आणि बघितलं ते असं.

त्या दिवशी झोपायला जाताना दारात थांबून तिने एकच वाक्य टाकलं. “तुम्हाला माझी लाज वाटली का, पप्पा?”

सोमवारी शाळेत बोलावणं झालं. पर्यवेक्षिका बाई मोठ्या भल्या. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पळवाटही दिली. आजारपणामुळे चाचणी बुडाली तर फेरचाचणी मिळते. दुसऱ्या कुठल्याही कारणाला शून्य. “नियम आहे, माझा इलाज नाही. तुम्ही डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणून द्या. मी काही फोटोबिटो पाहिला नाही. विषय मिटला.” वीस मार्कांची चाचणी. वार्षिक निकालात धरली जाणारी. आमचे डॉक्टर तर असे दिलदार, की सर्टिफिकेट मागायला गेलं की ‘कुठल्या तारखेचं?’ एवढंच विचारतात. दोन दिवसांत काय ते आणून द्या, असं सांगून बाईंनी मला निरोप दिला.

मी शाळेच्या फाटकाबाहेर आलो आणि समोरच्या पिंपळाकडे बघत उभा राहिलो. पिंपळाला नवी पालवी फुटली होती, तांबूस, उन्हात पाहिली तर आरपार दिसेल अशी. पन्नाशी गाठली तरी मार्चमधला पिंपळ पाहिला की मला परीक्षा आठवते. हातगाडीवर पहिल्या कैऱ्या दिसतात, दुपारची हवा चिकट होते, आणि मी आतल्या आत कुठलंतरी पाठांतर शोधायला लागतो. पण माझ्या मनातली परीक्षा एकाच वर्षाची आहे. सातवीची. ज्या वर्षी गिरण्या बंद होत्या.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला, तेव्हा आम्ही लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. बाबा साचे खात्यात, म्हणजे मागावर. संप म्हणजे काय हे मला आधी कानांना कळलं. भोंगे थांबले. चाळीत घड्याळं होती, पण त्यांच्यावर कोणाचा भरवसा नव्हता. सातचा भोंगा झाला की सात वाजले, मग घड्याळात काही का वाजले असेनात. भोंगा थांबल्यावर आमची अख्खी चाळ आठवडाभर शाळेत उशिरा पोहोचत होती. आमच्या वर्गशिक्षिका कुलकर्णी बाई फणसवाडीतून बसने यायच्या, त्यांना भोंग्याची गरज नसे. त्या दारातच विचारायच्या, “काय रे, गिरणी बंद तर तुम्हीही बंद?”

मग ते डोळ्यांना कळलं. आमच्याकडे गॅलरीच्या कठड्यावर रोज सकाळी काजळीचा पातळ थर असे. कपडे वाळत घालण्याआधी आई कठड्यावरून बोट फिरवून बघायची आणि मग फडकं घ्यायची. संपाला महिना होऊन गेला असेल. एका सकाळी तिने सवयीने बोट फिरवलं. बोट स्वच्छ. ती त्या बोटाकडे बघतच राहिली. फडकं खांद्यावर तसंच. मला वाटलं, तिला आनंद होईल. पण ती आत गेली आणि तिने उगाचच डबे वाजवले.

त्या वर्षी पापड इतके पांढरे वाळले, की शेजारची तावडेकाकू म्हणाली, “अगो, हे लालबागचे वाटतच नाहीत, गावचे वाटतात.” एरवी गच्चीवर पापड घातले की वर जुनं पातळ पसरावं लागे, नाहीतर संध्याकाळपर्यंत प्रत्येक पापडावर मिरी पेरल्यासारखे काळे ठिपके. त्या वर्षी पातळ नको की राखण नको. फक्त पापडच नेहमीच्या चतकोर होते. गच्चीचा उरलेला भाग आम्हा पोरांना खेळायला मोकळा.

आणि त्या गच्चीवरून काय काय दिसायला लागलं! रे रोडच्या पलीकडे गोदीतल्या क्रेन. त्यांच्यामागे पाणी, पाण्यापलीकडे निळसर डोंगर. आम्ही इथेच जन्मलो, पण लालबागमधून डोंगर दिसतो हे आम्हाला बाराव्या-तेराव्या वर्षी कळलं. माझा बाकावरचा सोबती दिलीप परब म्हणाला, “ते आपलं गाव असणार.” मी म्हणालो, “येडा आहेस का रे! गाव दक्षिणेला.” तो म्हणाला, “मग काय झालं? डोंगर तर आहे ना.”

आता ही गोष्ट कबूल करायला मला जड जातं, पण कबूल केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर दिवस होते. आईबाबांचे सगळ्यात वाईट आणि माझे सगळ्यात सुंदर, एकाच खोलीत, एकाच वेळी. हवा अशी, की सकाळी दार उघडलं की कोणीतरी पाणी शिंपडून गेल्यासारखी. आणि बाबा दिवसाउजेडी घरात! गिरणीतल्या पाळीमुळे मी तोवर त्यांना एकतर निजलेले पाहिले होते, नाहीतर निघालेले. त्यांच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे, हे मला त्या मार्चमध्ये कळलं.

संध्याकाळी ते मला चालत दादर चौपाटीला घेऊन जायचे. बरीच लांब चाल, पण त्यांना बसवत नसे. हात रिकामे असले की ते बोटं हलवत राहायचे, तुटलेला धागा जोडावा तसे. चौपाटीवर तेव्हा वाळू एवढी, की क्रिकेटचे दोन डाव शेजारी शेजारी चालले तरी चेंडूंची भेट होत नसे. कोळ्यांच्या होड्या लांबवर ओढून ठेवलेल्या. बाबा होडीच्या सावलीला बसायचे आणि पाठ समुद्राकडे करून शहराकडे बघायचे. मी विचारलं, “बाबा, काय बघताय?” ते म्हणाले, “खयच्यातरी गिरणीची चिमणी पेटली काय, ता बघतंय.”

आम्ही पोरंही बघायचो. डोंगर दिसतो म्हणून खूश व्हायचो आणि घरी गेल्यावर गणपतीच्या तसबिरीपुढे हात जोडून म्हणायचो, देवा, धूर येऊ दे. दोन्ही खरं होतं.

वर्ग विरळ होत चालला. आधी मागच्या बाकावरचे दोघे गेले, मग दिलीप. एका शनिवारी त्याच्या आईने वळकटी बांधली आणि तो कोकणात गेला. त्याने मला त्याची फुटपट्टी दिली, म्हणाला, “परीक्षेला येतो, तेव्हा दे.” कुलकर्णी बाई मात्र हजेरी घेताना सगळी नावं घेत. परब दिलीप. थांबायच्या. मग पुढचं नाव. वहीतून एकही नाव त्यांनी वार्षिक परीक्षेपर्यंत कापलं नाही. वर्गात अठ्ठावीस जण बसलेले आणि हजेरी पंचेचाळीसांची. त्या थांबण्यातच निम्मा तास जातो, असं आम्हाला वाटायचं. आता वाटतं, त्या थांबायच्या तेवढ्यापुरता दिलीप वर्गात असायचा.

मार्चअखेरीला एक मोर्चा निघाला. बायकांनी पोरांसकट यायचं ठरलं. नेमका त्याच दिवशी माझी विज्ञानाची तोंडी परीक्षा. आई घाबरली. “पोराचं वर्ष फुकट जायचं.” बाबा म्हणाले, “त्याका इचार.” मला विचारल्यावर मी अर्थातच मोर्चा म्हणालो. यात क्रांती वगैरे काही नव्हती. विज्ञानाची तयारी झाली नव्हती.

मोर्चाचं मला फार आठवत नाही. तापलेला रस्ता आठवतो, आईच्या मुठीत माझं मनगट आठवतं, कुठल्यातरी अनोळखी बाईने दिलेली अर्धी भाकरी आठवते. आणि एवढ्या माणसांत बाबा पहिल्यांदाच मोठ्याने ओरडताना ऐकले, त्याचं आश्चर्य आठवतं.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशीची. आमच्या शाळेचं छापील कॅलेंडर असे, म्हणजे वहीच. त्यात मागे ‘गैरहजेरीचं कारण’ असं एक पान. दिनांक, कारण, पालकाची सही. माझ्या पानावर बाबांच्या सहीखाली तेव्हापर्यंत दोनच कारणं होती : ताप आणि पोटदुखी. मी स्वतःच ‘पोटात दुखत होते’ असं लिहून सहीपुरतं कॅलेंडर बाबांपुढे धरलं. त्यांनी वाचलं. बाबा चौथी पास. एकेक अक्षर ओठ हलवून वाचायचे.

“पोटात दुखत होता तुझ्या?”

“नाही. पण असंच लिहितात सगळे.”

“खोटा कित्याक लिवचा? आमी काय चोरी करूक गेल्लो?”

आई म्हणाली, “अहो, बाई नापास करतील त्याला.”

“करूंदेत. नापास झालो तर परत शिकात. चोर म्हणान पास नको.”

मग त्यांनी माझी ओळ रेघ मारून खोडली. पेन हातात धरून बराच वेळ बसले. संपात त्यांचे हात रिकामे झाले होते, पण पेन धरायला ते हात कधी शिकलेच नव्हते. त्यांनी लिहिलं, चौकट सोडून, पानभर : ‘माझा मुलगा काल माझ्याबरोबर मोर्चात होता. आजारी नव्हता. तोंडी परीक्षा चुकली त्याची माफी असावी.’

कुलकर्णी बाईंनी ते वाचलं. दोनदा वाचलं. वर्ग बघत होता. मी मनात आठवी सोडून दिली होती. बाई म्हणाल्या, “मधल्या सुट्टीत गॅलरीत ये.”

गॅलरीत त्यांनी माझी तोंडी परीक्षा घेतली. समोर गिरणीची उंच चिमणी. त्यांनी सहज तिकडे बोट केलं, म्हणाल्या, “सांग बरं. चिमणीतून धूर वर का जातो?”

मला उत्तर येत होतं. गरम हवा हलकी असते. पण मी चिमणीकडे पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, “बाई, आता नाही जात.”

बाई कठड्याकडे वळल्या आणि पदराने चष्मा पुसत राहिल्या. मला वाटलं, गेलं वर्ष. पण मी पास झालो. तोंडीला किती मार्क पडले, ते आजही मला माहीत नाही. दिलीप परीक्षेला आला नाही. नंतरही नाही. बाबा मागावर परत कधीच उभे राहिले नाहीत. आणि त्या चिमणीतून धूर कधी सुटला नाही.

आज मी परळला ज्या टॉवरमध्ये कारकुनी करतो, तिथे खाली आवारात एक चिमणी तशीच ठेवली आहे. शोभेला. तिच्या टोकाला पिंपळ उगवलाय. सातव्या मजल्यावरून आम्ही एकमेकांच्या उंचीला येतो, ती आणि मी. शहरात आता एकही गिरणी धूर सोडत नाही, आणि तरी खिडकीतून डोंगर दिसत नाही, क्रेन दिसत नाहीत. सगळं दुधात पाणी घातल्यासारखं. काच उघडत नाही, उघडायची सोयच नाही. आत यंत्राची थंडी असते, स्वेटर घालून बसतो. सानिकाला हे एकदा सांगितलं तर ती पोट धरून हसली. म्हणाली, “पप्पा, मार्चमध्ये? मुंबईत? स्वेटर?”

तर त्या सोमवारी संध्याकाळी घरी आलो. वैशालीचं मत पक्कं होतं. “सर्टिफिकेट आणा. पुढल्या वर्षी दहावी आहे तिची. मोर्चाने कोणाचं पोट भरलंय? तुमच्याच घरातली गोष्ट आहे, मी सांगायला नको.” यात चूक काही नव्हतं. बाबांच्या त्या ओळींची शिक्षा आम्हाला झाली नाही. पण बाबांच्या खरेपणाने गिरणीही सुरू झाली नाही. मी मान डोलावली आणि स्वयंपाकघरात सानिका मटार सोलत होती, तिच्यासमोर जाऊन बसलो. तीन दिवसांनी तिच्यासमोर बसत होतो. एक शेंग उचलली. तिने परात थोडी माझ्याकडे सरकवली.

मग मी तिला हे सगळं सांगितलं. कठड्यावरचं बोट, पांढरे पापड, डोंगर, कॅलेंडरचं पान. तिने आजोबांना पाहिलं नव्हतं. ती ऐकत होती आणि सोलत होती. शेवटी म्हणाली, “म्हणजे आजोबा धूर यावा म्हणून शाळा बुडवून तुम्हाला मोर्चाला घेऊन गेले?”

“हो.”

“आणि मी धूर थांबावा म्हणून गेले.”

“हो.”

“मग आजोबा चुकीचे होते?”

“नाही गं.”

“मग मी?”

“तूही नाही.”

“मग चुकीचं कोण, पप्पा?”

मी मटाराचा एक दाणा तोंडात टाकला. वेळ काढायला तेवढंच हातात होतं. म्हणालो, “मी. तुला ताप लिहिला मी.”

ती खाली बघून म्हणाली, “मला शून्य चालेल. पण मी आजारी नव्हते. मी तिथे होते. उद्या चौपाटी राहिली नाही आणि कोणी विचारलं, तुम्ही मुलं काय करत होतात, तर शाळेच्या वहीत काय लिहिलेलं असेल? सानिका तापाने झोपली होती?”

मी कागद घेतला. चार तासांत ऑफिसची चाळीस पत्रं पाडणारा माणूस मी, मला तीन ओळींना अर्धा तास लागला. ‘माझी मुलगी सानिका शुक्रवारी माझ्या परवानगीने’ असं लिहिलं, तेवढ्यात ती खांद्यावरून डोकावली.

“परवानगी कुठे दिली होती? तुम्ही ‘बघू’ म्हणालात.”

“‘बघू’ म्हणजे तसं हो-च असतं.”

“असतं? मग मी नवीन मोबाइल मागितला तेव्हाही ‘बघू’ म्हणाला होतात.”

‘परवानगीने’ खोडलं, ‘माझ्या माहितीने’ लिहिलं. ‘माझ्या माहितीने दादर चौपाटीवर मुलांच्या आंदोलनात होती. ती आजारी नव्हती. तापाचं मी खोटं कळवलं, ती चूक तिची नाही.’ सही केली. वीस मार्क म्हणजे काय ते मला माहीत होतं. तिचा नंबर, पुढची तुकडी, तिच्या आईचा चेहरा. आणि दुसऱ्या बाजूला दारात थांबून विचारलेला तो प्रश्न.

पर्यवेक्षिका बाईंनी चिठ्ठी वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “शून्यच राहील हो.”

“राहू दे.”

“इतक्या वर्षांत अशी चिठ्ठी पहिल्यांदाच आली. हिला लावू कुठल्या फाइलला?” त्या खरोखरच गोंधळल्या होत्या. शेवटी त्यांनी ती आपल्या खणात ठेवली.

शून्य लागलं तिला. नाही असं नाही. निकालपत्र आलं त्या दिवशी कपाटाच्या दाराआड उभी राहून ती रडली, तुकडी बदलली होती, मैत्रिणी दुसऱ्या वर्गात गेल्या होत्या. मी बाहेर नुसता उभा राहिलो. बाबा असते तर काय म्हणाले असते, हे मला नेमकं ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडी शोभणारं वाक्य माझ्या तोंडून निघेना. जेवताना ती नेहमीची जागा सोडून माझ्या शेजारी येऊन बसली. माझ्या ताटातली कैरीची फोड उचलून घेतली.

वैशाली वाढत होती. चिठ्ठी दिल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. भाताची मूद माझ्या ताटात ठेवून डाव तसाच हातात धरून उभी राहिली, मला वाटलं आता काहीतरी खरंखुरं ऐकायला मिळणार.

“इतकं खरं लिहायला लागलाच आहात,” ती म्हणाली, “तर जेवण झालं की गिरगावला माझ्या आईला फोन लावा. माझ्या मिलिंददादाच्या मुलीच्या बारशाला आला नव्हतात, तेव्हा तुमची कंबर धरली नव्हती, तेही सांगून टाका.”